बारा फुटी सर्फ रॉड, कमी उंचीच्या माणसाने कसा जुळवावा

समुद्रकिनाऱ्यावरून मासे गरवायचा, म्हणजे गळाने पकडायचा, हा रॉड बाजारात तीन-चार वेगवेगळ्या शिक्क्यांखाली मिळतो, म्हणून एका कंपनीचं नाव लिहीत नाही. ओळखायची खूण अशी: लांबी १२ फूट, तीन तुकडे, काळा कार्बन, मुठीच्या वर किती वजन फेकता येतं ते सांगणारा '१००–२०० ग्रॅम' असा छापा, स्क्रूने आवळायची रीळ-सीट (लाईन गुंडाळायचं रीळ जिथे बसतं ती जागा) आणि किंमत पाच-सहा हजारांच्या आत. माझ्याकडे तो दुसऱ्या हंगामात आहे. गुहागरच्या वाळूवर मी बहुतेक संध्याकाळी गरवायला जाते. माझी उंची ५ फूट १ इंच आहे आणि उजवा खांदा पूर्वी एकदा आखडलेला आहे. म्हणून या रॉडकडे मी आधी खांद्याच्या बाजूने बघते, मग अंतराच्या.

दुकानात रॉड हातात घेतल्यावर सगळे टोक हलवून बघतात. टोकाआधी बूड बघा. बुडाची टोपी छातीच्या मधोमध टेकवायची आणि उजवा हात रॉडवरून सरळ लांबवायचा. पंजा जिथे सहज पोचतो, तिथे रिळाचा पाय यायला हवा. या रॉडवर बूड ते रीळ हे अंतर ८० सेंटीमीटर आहे, आणि माझा हात पोचतो ६४ वर. फेक करताना उजवा हात वर-पुढे ढकलतो आणि डावा हात बूड बरगडीकडे ओढतो. सगळी ताकद या दोन हातांच्या ओढाताणीतून येते. अंतर जास्त असेल तर उजवा हात सुरुवातीलाच ताणून सरळ होतो, त्याला ढकलायला जागाच उरत नाही आणि सगळा भार खांद्यावर येतो. बायका आणि शाळकरी मुलं 'मोठा रॉड आपल्याला जमत नाही' म्हणून सोडून देतात, त्यामागे ताकद कमी असते असं मला कधीच वाटलं नाही. रॉड दुसऱ्याच्या मापाचा असतो.

रत्नागिरीत रॉड दुरुस्त करणारे एक जण आहेत, त्यांच्याकडून मी बूड खालून १५ सेंटीमीटर कापून घेतलं. कापण्याआधी त्यांनी दोनदा विचारलं, "बाई, एकदा कापलं की कंपनीची हमी गेली बरं का." गेली तर गेली. रॉड साडेअकरा फुटांचा झाला, टोक किंचित जड लागायला लागलं, पण त्या संध्याकाळनंतर खांदा दुखला नाही. अंतर थोडं कमी झालं असेल. इथे पहिल्या लाटेमागच्या घळीत मुडदुशी ही मासळी मिळते, तिच्यासाठी लांब फेकावंच लागत नाही. कापायचं नसेल तर डावा हात बुडाच्या टोकाला न धरता वर धरा आणि तिथे सायकलच्या हँडलची पट्टी गुंडाळा. मागे उरलेलं बूड कोपराला लागतं, पण काम भागतं.

'२०० ग्रॅम' या छाप्यावर मात्र जाऊ नका. माझ्या मते हा रॉड ११० ते १३० ग्रॅमला सगळ्यात छान वाकतो. १५० च्या पुढे तो नुसता लोळतो आणि त्याला सावरायला आपली पाठ लागते. त्यात आमिषाचं वजनही धरायचं असतं: १२० ग्रॅमचं शिसं (लाईनीच्या टोकाचं वजन) आणि वर आमिषाची अख्खी तारली लावली की आकडा कुठच्या कुठे जातो. भांगाच्या, म्हणजे छोट्या भरती-ओहोटीच्या, दिवसांत पाण्याला ओढ नसते, तेव्हा ८० ग्रॅमचं शिसंसुद्धा जागेवर बसतं. उधाणाला तेच शिसं किनाऱ्याच्या कडेने वाहत जातं, म्हणून मी चौकोनी बुडाचं, पिरॅमिडसारखं १२० ग्रॅमचं शिसं बांधते.

रीळ मी पेन कंपनीचं बॅटल ३ लावलं आहे, ६००० आकाराचं. अंग सगळं धातूचं, ड्रॅगमध्ये (लाईन सुटताना तिला रोखणाऱ्या ब्रेकमध्ये) कार्बनच्या चकत्या. या रॉडवर मला ते आवडतं ते एका कारणासाठी: फेकण्याआधी ड्रॅग घट्ट आवळला की तो खरंच घट्ट बसतो. ड्रॅग ढिला ठेवून जोरात फेकलं तर स्पूल (लाईनीची फिरकी) सरकतो, आणि बोटाखालची ब्रेड लाईन, म्हणजे विणलेली बारीक दोरी, सुरीने कापावं तशी बोट कापते. शिसं पाण्यात पडल्यावर ड्रॅग परत ढिला करायचा. तर्जनीवर चामड्याची टोपी घालते, जुन्या हातमोज्याचं बोट कापून केलेली. स्पूल काठापासून दोन मिलिमीटर कमी भरलेला असावा. रिळावरची, लाईन अडवणारी तारेची कमान हाताने उघडायची आणि हातानेच मिटायची. हँडल फिरवून मिटली की लाईनीला पीळ पडतो, आणि पुढच्या फेकीला गुंता तयार.

आता सुरक्षेबद्दल, आणि इथे मला आग्रहाने बोलायचं आहे. शॉक लीडर (मुख्य लाईनीच्या पुढे बांधलेला जाड लाईनीचा तुकडा) नसेल तर हा रॉड वापरू नका. फेकीच्या झटक्यात बारीक लाईन तुटली तर शंभर ग्रॅमचं शिसं सुटतं, आणि ते कुठे जाईल ते कुणाच्या हातात नसतं. सुट्टीच्या दिवसांत गुहागरला पाण्यालगत मुलं खेळत असतात. जगभर गरवणारे एक हिशेब पाळतात: शिशाच्या दर औंसाला, म्हणजे साधारण २८ ग्रॅमला, १० पौंड ताकदीचा लीडर. ११० ग्रॅमला ४० पौंड, १२० ते १३० ला ५०, १५० ला ६०. मुख्य ब्रेड माझी ३० पौंडांची आहे, पुढे ५० पौंडांचा साधा नायलॉन लीडर, २५ फूट. लोंबणाऱ्या शिशापासून टोकापर्यंत, तिथून रिळापर्यंत आणि वर स्पूलवर सहा-आठ वेढे एवढा तो पुरला पाहिजे. म्हणजे झटका बसताना बोटाखाली जाड लीडर असतो, ब्रेड नसते. ब्रेड आणि लीडर जोडायला एफजी नावाची गाठ मारते आणि ती स्पूलच्या मागच्या कडेला ठेवते, नाहीतर सुटणारे वेढे तिच्यात अडकतात. लीडर खरवडला की पुढचा हातभर तुकडा कापून टाकायचा, कंजुषी करायची नाही.

फेक डोक्यावरून, सरळ. टोकापासून शिसं तीन-चार फूट खाली, डावा पाय पुढे, आधी मागे वळून बघायचं. मागे माणूस आहे का ते बघायचंच, सुरूची फांदीही बघायची. शिसं गोल फिरवून फेकण्याच्या पद्धती मोकळ्या मैदानावरच्या आहेत, गर्दीच्या किनाऱ्यावर त्या नकोतच.

रॉडमधले दोष सांगते. मधला आणि टोकाचा तुकडा यांचा जोड काही फेकींनंतर सैल होतो, आणि सैल जोडावर झटका बसला तर कार्बन तिथेच फाटतो. जोडाला मेणबत्ती घासली, तुकडे थोडे तिरके घालून फिरवत लाईन ज्यांतून जाते त्या कड्या एका रेषेत आणल्या की तो पकड धरतो. तरी अधूनमधून हाताने चाचपतेच. टोकाकडच्या एका कडीतली चिनी मातीची रिंग तडकलेली आली होती. डोळ्यांना दिसत नव्हती. कापसाचा बोळा आतून फिरवला तेव्हा तंतू अडकले. ब्रेड वापरणाऱ्याने ही तपासणी घरी आणल्या दिवशीच करावी, कारण अशी तडा गेलेली कडी लाईन गुपचूप सोलत राहते. विक्रेत्याने बदलून द्यायला तीन आठवडे लावले.

कार्बनमधून वीज वाहते. वैशाखाच्या शेवटी किंवा परतीच्या पावसात आभाळ गडगडलं की रॉड वाळूवर आडवा ठेवून मी किनाऱ्यापासून लांब जाते, मासा लागलेला असला तरी. वाटेतल्या विजेच्या तारांखालूनही रॉड उभा धरून जाऊ नये, तुकडे सुटे करूनच न्यावा.

घरी आल्यावर गोड्या पाण्याने रॉड आणि रीळ धुते, नळाचा जोर न देता, आणि जोड सोडून सुकवते. रीळ-सीटच्या स्क्रूवर मीठ साचलं तर ती पुढच्या वेळी फिरतच नाही.

साडेपाच फुटांच्या वरच्या माणसाने हा रॉड आहे तसा घ्यावा, पैसे वसूल होतात. माझ्यासारख्या उंचीच्या माणसाने कापण्याचा खर्च धरूनच घ्यावा. बारा-तेरा वर्षांच्या मुलासाठी मात्र हा घेऊच नका. त्याला नऊ फुटी, ३० ते ८० ग्रॅमचा रॉड आणि ४००० आकाराचं रीळ द्या, मुडदुशीला तेवढं पुष्कळ होतं.