इंग्लिश स्पीकिंगचा वीकेंड क्लास : पैसे एका रविवारचे वसूल

मी इलेक्ट्रिकल डिप्लोमावाला, मला स्टेप अप म्हटलं की ट्रान्सफॉर्मरच आठवतो, व्होल्टेज वाढवणारा. त्यामुळे मॅनेजर 'यू नीड टू स्टेप अप' म्हणाला तेव्हा वाटलं पगार वाढतोय, घरी पेढे न्यायचेच बाकी होते. नंतर कळलं तो म्हणत होता, बाबा तू कमी पडतोयस, पुढे होऊन जबाबदारी घे. त्याच आठवड्यात पुण्यात हा क्लास लावला. नाव लिहीत नाही, कारण खाली शिव्या पण आहेत.

६ रविवारचे ४५०० रुपये. पहिले दोन वाया, फ्रेजल व्हर्बची (स्टेप अप, टेक ओव्हर असली जोड क्रियापदं) झेरॉक्स दिली आणि म्हणे पाठ करा, अहो हे शाळेतच केलं की. तिसऱ्या रविवारी दुसऱ्या मॅडम आल्या आणि फळ्यावर एकच नाव लिहिलं, रहाणे. डिसेंबर २०२०, अ‍ॅडलेडला भारताचा डाव ३६ वर संपला, कॅप्टन कोहली बायकोच्या बाळंतपणासाठी घरी. अडल्या वेळी त्याची जागा घेतली ते 'स्टेप इन', कोहलीकडून सूत्रं हातात घेतली ते 'टेक ओव्हर', आणि मेलबर्नला ११२ काढून मॅच फिरवली ते 'स्टेप अप'. टेक ओव्हर काय, खुर्ची मिळाली की होतं, स्टेप अप करून दाखवावं लागतं. हे डिक्शनरी वाचून माझ्या डोक्यात कधीच शिरलं नसतं.

वापरायचं कसं हेही तेव्हाच कळलं. 'टेक इट ओव्हर' म्हणायचं, 'टेक ओव्हर इट' नाही, पण प्रोजेक्ट असा पूर्ण शब्द असेल तर ओव्हरच्या आधी नंतर कुठेही टाका. आणि ज्याच्याकडून काम घेतलं त्याच्या आधी फ्रॉम हवाच. मी दोन वर्षं मेलमध्ये फ्रॉम न लावता 'आय टुक ओव्हर माय सीनियर' लिहीत होतो, म्हणजे डायरेक्ट साहेबांवरच कब्जा 😂 कोणी बोललं पण नाही मेलं.

बाकी बॅचमध्ये ४० जण, बोलायची पाळी आलीच तर दोन मिनिटं, पंखा एक आणि तोही मॅडमच्या डोक्यावर. चौथ्या रविवारी मॅडमच गायब. काउंटरवर विचारलं आता बॅच कोण टेक ओव्हर करणार, तर तो पोरगा म्हणतो, सर झेरॉक्स आहे ना तुमच्याकडे.

५ पैकी २ स्टार, दोन्ही स्टार त्या तिसऱ्या रविवारच्या मॅडमचे.