ड्यूनचा सहा भागांचा संच आणि सोबत वाचलेल्या विज्ञान-कादंबऱ्या: वर्षभरानंतरचं मत

कथानक बहुतेकांना माहीत आहे, सिनेमेही बघून झालेत, त्यामुळे ते सांगत बसत नाही. फ्रँक हर्बर्टच्या ड्यून या वाळवंटी ग्रहावरच्या विज्ञान-कादंबरी-मालिकेचा सहा पेपरबॅकचा संच मी ऑनलाइन मागवला. सुटी पुस्तकं घेतली असती तर बरेच जास्त पडले असते. उन्हाळा अर्ध्यावर आला आणि पहिल्या भागाचा डिंक सुटला. मागची परिशिष्टं आणि शब्दसूची अख्ख्या गठ्ठ्याने हातात आली. विक्रेत्याला फोटो पाठवले. आधी उत्तर आलं की परत करण्याची मुदत संपली आहे. पुन्हा लिहिलं, तर म्हणे पुस्तक वापरल्यामुळे खराब झालं आहे. वाचलं म्हणून पुस्तकाची हमी संपते, हे मला अजूनही मान्य नाही. महिनाभर डोक्याला ताप झाला आणि पदरात एक रुपया पडला नाही. शेवटी कोर्टाजवळच्या बाइंडरकडे दिलं. "ताई, वकिलांची पुस्तकं पण अशीच येतात, आता शिलाईच मारू," म्हणाला. शिलाई आणि जाड पुठ्ठा घातल्यापासून एक पान हललेलं नाही. तेव्हा संच घेणार असाल तर बाइंडिंगचे पैसे आधीच धरून चला.

निसटलेली पानं दुसरी कुठली असती तर मी एवढी भांडले नसते. पण पहिल्या परिशिष्टात त्या वाळवंटी ग्रहाचं पर्यावरण मांडलंय, आणि माझ्या मते ड्यूनचा खरा जीव तिथे आहे. मी लातूरची, पतसंस्थेत हिशेब बघते. घरातलं पाणी भरणं, साठवणं, पुरवणं माझ्याकडेच असतं. त्यामुळे कुठलीही विज्ञान-कादंबरी उघडली की मी आधी बघते, या लोकांचं पाणी येतं कुठून आणि जातं कुठे. लेखकाने ते चोख मांडलं असेल तर अंतराळयानं, राजघराणी, भविष्यवाणी यांवरही माझा विश्वास बसतो. पुढच्या सगळ्या शिफारशी याच एका कसोटीवर आहेत.

ड्यून (१९६५) या कसोटीला पहिल्या शंभर पानांतच उतरतं. ग्रहाचा कारभार नव्याने हाती आलेल्या ड्यूक लेटोच्या राजवाड्यापुढे खजुराची वीस झाडं आहेत. रस्त्याने जाणारे लोक त्यांच्याकडे ज्या नजरेने बघतात, त्याचं कारण घराण्याचा डॉक्टर यूए सांगतो: एका झाडाला दिवसाला चाळीस लिटर पाणी लागतं, माणसाला आठ. म्हणजे एक झाड म्हणजे पाच माणसं, आणि वीस झाडं म्हणजे शंभर माणसं. हे वाचून मी पुस्तक खाली ठेवलं आणि उसाचा हिशेब केला. उसाला एका हंगामात हेक्टरी दीड ते अडीच कोटी लिटर पाणी लागतं. मधला आकडा दोन कोटी धरला, तर हर्बर्टच्या आठ लिटरने एका हेक्टरात सुमारे ६,८०० माणसांचं वर्षभराचं पाणी बसतं. मांजरा धरणाच्या कोरड्या तळाचे फोटो ज्यांनी पाहिलेत, त्यांना ती वीस झाडं परग्रहावरची वाटणार नाहीत.

पुढे मेजवानीचा प्रसंग आहे. जुन्या रिवाजाप्रमाणे पाहुण्यांनी हात धुवायचे, पाणी फरशीवर सांडायचं आणि ओले टॉवेल तिथेच टाकायचे. ते टॉवेल पिळून निघालेलं पाणी बाहेर थांबलेल्या भिकाऱ्यांना मिळायचं. ड्यूक लेटो हा रिवाज बंद करतो आणि दारात येईल त्याला पेलाभर पाणी द्यायला सांगतो. सत्ता कोणाच्या हातात आहे हे दाखवायला याहून नेमकं पान मी वाचलेलं नाही. वाळवंटात राहणाऱ्या फ्रेमेन टोळीचा नायक स्टिलगार ड्यूकपुढे टेबलावर थुंकतो तो प्रसंगही असाच आहे. सगळे चिडतात, ड्यूकच्या एकट्या डंकन आयडाहो या योद्ध्याला कळतं की या माणसाने अंगातलं पाणी देऊन मान दिलाय.

आता खोट. फ्रेमेन लोक अंगात जो स्टिलसूट घालतात, तो घाम आणि मूत्र गाळून पुन्हा प्यायला देतो. लेखक त्याचे थर, नळ्या, टाचेवर चालणारे पंप, सगळं सांगतो. पण उष्णतेचा हिशेब अर्धवट सोडतो. एक लिटर घाम वाळताना अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, म्हणून आपल्याला गार वाटतं. तीच वाफ सूटच्या आत पुन्हा पाणी झाली की तेवढीच उष्णता परत बाहेर पडते. बाहेरची हवा अंगापेक्षा गरम असेल तर ती जाणार कुठे? आपला कूलर मे महिन्यात खोली गार करतो आणि जूनमध्ये ढग आले की नुसता दमट वारा मारतो, कारण हवेत बाष्प मावायला जागा उरत नाही. सूटच्या आत तर कायमचाच जून. या एका गोष्टीवर मी कितीतरी संध्याकाळी घालवल्या, परिशिष्टं उलटसुलट वाचली, समाधान झालं नाही. तरी गुण कापत नाही. पाण्याच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणारा समाज कसा बोलेल, कसा रडेल, मेलेल्याचं काय करेल, हे त्याने तंतोतंत लिहिलंय. ड्यूकच्या मुलाने, पॉलने, द्वंद्वात मारलेल्या जेमिस या फ्रेमेनच्या अंगातून निघालेलं तेहतीस लिटर पाणी टोळीपुढे मोजलं जातं आणि ते पॉलच्या नावावर चढतं. ते पान मी पतसंस्थेत जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचून दाखवलं आणि टेबलावर कोणी बोललं नाही.

दुसरा आणि तिसरा भाग आटोपशीर आहेत, पहिला आवडला असेल तरच घ्या. चौथ्या भागाला, गॉड एम्परर ऑफ ड्यूनला (१९८१), मी पहिल्या वाचनात एकच गुण दिला होता: निम्मं पुस्तक एक पात्र बोलतंय आणि बाकीचे ऐकतायत. पावसाळ्यात पुन्हा हातात घेतलं आणि मत बदललं. साडेतीन हजार वर्षं उलटलीत, ग्रह हिरवा झालाय, वाळवंट एका तुकड्यापुरतं राखून ठेवलंय. वाळूत राहणाऱ्या अजस्र वाळूकिड्यांमुळेच मसाला हे मौल्यवान द्रव्य तयार होतं. पाणी हे या किड्यांना विष, त्यामुळे पाणी आलं आणि किडे गेले, किडे गेले म्हणून मसाला संपत आला. पहिल्या भागात पेरलेला नियम चौथ्यात येऊन असा फेडला आहे. आणि फ्रेमेन? त्यांना आता 'म्युझियम फ्रेमेन' म्हणतात. जुने रिवाज पाठ म्हणून दाखवतात, त्यांचा अर्थ विसरलेत. पाणी मुबलक झाल्यावर पाण्याची शिस्त किती पिढ्या टिकते, हा प्रश्न लातूरकरांनी तरी वाचावा. २०१६ चा टंचाईचा उन्हाळा आणि आज गाडी धुवायला सोडलेली पाइप यांच्यात फार वर्षं गेलेली नाहीत. चौथ्याला आता चार गुण. पाचवा-सहावा मी पूर्ण केले ते पैसे दिलेत म्हणून. संचाऐवजी पहिला आणि चौथा सुटे घ्या, शंभर-दोनशे रुपये जास्त पडले तरी.

यानंतर कोणती मालिका घ्यावी असं विचाराल तर बिनदिक्कत द एक्स्पान्स. जेम्स एस. ए. कोरी हे दोन लेखकांचं मिळून घेतलेलं नाव. नऊ कादंबऱ्या, पहिली लेव्हायथन वेक्स (२०११), शेवटची २०२१ मध्ये. इंग्रजी सोपं आहे, ज्यांना ड्यून जड जातं त्यांनी इथूनच सुरुवात करावी. पहिल्याच कादंबरीतलं कँटरबरी हे जहाज शनीच्या कड्यांतून बर्फ तोडून लघुग्रहांच्या पट्ट्यातल्या वस्त्यांना पोचवतं. जहाज जुनं, खलाशी कंटाळलेले, काम रटाळ. पण त्या जहाजाला काही झालं की लाखो माणसांच्या नळाला धक्का बसतो आणि ग्रहांत युद्धाची ठिणगी पडते. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून जलदूत ही पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला आली तेव्हा दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या वर होती, म्हणजे माणशी सव्वा लिटरच्या आसपास. नंतर पन्नास वाघिणींची, पंचवीस लाख लिटरची गाडी येऊ लागली. पाणवठ्यांवर जमावबंदी लावलेल्या शहरात राहिलेल्या माणसाला कँटरबरी म्हणजे काय हे कोणी समजावून सांगायला नको. तिसऱ्या-चौथ्या भागात मालिका थोडी रेंगाळते, पाचव्यात पुन्हा पकड घेते.

अर्सुला ले ग्विनची द डिस्पझेस्ड (१९७४) मालिका म्हणून वाचायची गरज नाही, एकटी पुरते. अनारेस या कोरड्या जगात मालकी नाही, सरकार नाही, सगळं वाटून घ्यायचं. आणि मग दुष्काळ पडतो, वर्षानुवर्षं हटत नाही. शेवेक हा भौतिकशास्त्रज्ञ सांगतो की दुष्काळात त्याच्याकडे याद्या करायचं काम आलं होतं: कोणाला किती शिधा, कोणाला अर्धा. त्याने ते काम सोडलं, पण याद्या करायला तयार असणारा कोणीतरी नेहमी सापडतोच, हे त्याला कळून चुकलंय. टँकर कोणत्या गल्लीत आधी जाणार याची यादी मी स्वतः बघितली आहे, ती करणाऱ्या बाईंचा चेहराही बघितला आहे. त्या रात्री झोपल्या नसाव्यात. या वर्षात वाचलेल्या सगळ्यांत ही कादंबरी मला सगळ्यात जवळची. ही मात्र वाचनालयातून आणू नका, विकतच घ्या, कारण तुम्ही पानापानावर खुणा करणार.

आयझॅक आसिमोव्हच्या फाउंडेशन मालिकेबद्दल वाचकांत नेहमी वाद होतो. १९५१ ते १९५३ मध्ये आलेली मूळ त्रयी घ्या, पुढचे भाग तूर्त सोडा. आकाशगंगेभर पसरलेल्या साम्राज्याच्या ट्रँटॉर या राजधानीत चाळीस अब्ज माणसं आहेत, वीस शेतकी ग्रहांवरून धान्य येतं, पण पाण्याबद्दल चकार शब्द नाही. म्हणून मी बरेच दिवस या त्रयीवर नाराज होते. दुसऱ्या वाचनात लक्षात आलं की आसिमोव्हचा हिशेब धातूचा आहे. साम्राज्याच्या कडेच्या टर्मिनस ग्रहावर धातूच नाहीत, म्हणून तिथल्या लोकांना सगळी यंत्रं लहान करावी लागतात. साम्राज्याची यंत्रं अवाढव्य, दुरुस्त करणारेही त्यांना विसरलेले. त्या लहान यंत्रांच्या जोरावर टर्मिनस टिकतो. टंचाईतून कारागिरी येते, हे त्याने चोख दाखवलंय. स्त्री-पात्रं मात्र पहिल्या भागात जवळजवळ नाहीतच, आणि ते खटकतं.

लिऊ छिशिनच्या थ्री-बॉडी प्रॉब्लेमला २०१५ चा ह्यूगो हा विज्ञानकथांचा पुरस्कार मिळाला. त्याच्या वर्षभर आधी या चिनी कादंबरीचा इंग्रजी अनुवाद आला होता, केन लिऊने केलेला. तीन सूर्यांच्या तडाख्यात सापडलेले ट्रायसोलरन लोक संकट आलं की अंगातलं सगळं पाणी काढून टाकतात, वाळलेल्या कातडीच्या गुंडाळ्या होऊन कोठारात पडून राहतात आणि बरे दिवस आले की पाण्यात टाकून पुन्हा जिवंत होतात. कल्पना जबरदस्त आहे. पहिला भाग सावकाश चढतो, धीर धरा. दुसरा, द डार्क फॉरेस्ट, तिन्हीत उत्तम.

मराठीतच वाचायचं असेल तर जयंत नारळीकरांपासून सुरू करा. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, आणि बक्षीस मिळवलं. त्यांच्या निधनानंतर, मे २०२५ मध्ये, मी 'यक्षांची देणगी' आणि 'वामन परत न आला' पुन्हा काढली. जमिनीत सापडलेल्या घन ठोकळ्यातून यंत्रमानव घडवण्याचं ज्ञान मिळतं, ही वामनची गोष्ट आज जास्त धारदार वाटते. आठवीतल्या लेकराला द्यायला याहून चांगलं पुस्तक माझ्याकडे नाही. लक्ष्मण लोंढे आणि चिंतामणी देशमुख यांची 'देवांसि जिवे मारिले' कुठे जुन्या पुस्तकांत दिसली तर भाव न करता घ्या. आमच्याकडच्या वाचनालयांत विज्ञानकथांचं कपाट वेगळं नसतं, त्या बालसाहित्यात किंवा अनुवादित पुस्तकांत शोधाव्या लागतात. ग्रंथपालांना मी दोनदा लेखी विनंती केली आहे, तुम्हीही आपापल्या गावात करा.

सध्या किम स्टॅन्ली रॉबिन्सनची द मिनिस्ट्री फॉर द फ्युचर (२०२०) चालू आहे. सुरुवात उत्तर प्रदेशातल्या उष्णतेच्या लाटेने होते. हवा इतकी दमट आणि तापलेली की घाम वाळत नाही, वीज गेलेली, लोक तळ्यात उतरतात तर तळ्याचं पाणीही गरम. स्टिलसूटच्या बाबतीत हर्बर्टने जो हिशेब सोडला, तो इथे माणसाच्या अंगावर शेवटपर्यंत केला आहे. पुढे बैठका आणि अहवाल बरेच आहेत, मी अजून मध्यावर आहे, म्हणून गुण राखून ठेवते. मागवायची असेल तर मागवा, पण पहिलं प्रकरण मे महिन्यात वाचू नका. घरात वयस्कर माणूस असेल आणि लाइट जात असेल तर अजिबातच नको.