आई-बाबा इंग्लंडात असतील तर वाचा: ‘फ्री विल’च्या (फुकट मृत्युपत्राच्या) नादात आमचे 9,720 पाऊंड गेले

लिहू की नको असं चाललं होतं सहा महिने. बायको म्हणते कशाला चारचौघात हसं करून घेतोस. पण परवा आमच्याच गल्लीतल्या एका मावशींनी फोन करून विचारलं, “अरे, त्या ट्रस्टवाल्या माणसाचा नंबर आहे का रे तुझ्याकडे, तुमचं त्यानेच केलं ना?” तेव्हा म्हटलं बास, आता लिहायचंच.

आधीच सांगतो, मी काही अडाणी नाही. पेरोलमध्ये 22 वर्षं काढली, एचएमआरसीची (इथल्या टॅक्स खात्याची) पत्रं रोज वाचतो, पोरांना सांगतो लिंकवर क्लिक करू नका. आणि मीच फसलो, आई-बाबांना घेऊन फसलो. ओटीपीवाले, कस्टमवाले, लॉटरीवाले आपण लगेच ओळखतो. हा माणूस घरी आला, चपला दारात काढल्या, आईच्या पाया पडला, दोन वाट्या पोहे खाल्ले आणि “काकू, असे पोहे कराड सोडल्यापासून खाल्ले नाहीत” म्हणाला. आम्ही कराडचे हे त्याला आधीच माहिती होतं. कुणाकडून, ते पुढे सांगतो.

2021 च्या दिवाळीच्या कार्यक्रमात हॉलमध्ये जेवणाआधी त्याचं वीस मिनिटांचं भाषण झालं. विल फुकट, सल्ला फुकट. स्क्रीनवर मोठ्ठं 40% लिहिलेलं. तुम्ही गेलात की सरकार 40 टक्के घेणार, केअर होम लागलं की कौन्सिल (इथली नगरपालिका) घर विकणार, मुलाचा घटस्फोट झाला की सून अर्धं नेणार. (सुनेचा मुद्दा आल्यावर सगळ्या सासवा ताठ बसल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.) आणि आमच्या ओळखीच्या एका काकांनी उठून सांगितलं की मी माझं केलंय, निश्चिंत झालो. काकांना प्रत्येक ओळखीमागे 150 पाऊंडाचं व्हाउचर मिळायचं हे दोन वर्षांनी कळलं. आमच्या कराडची खबर पण तिथूनच गेली असणार. काका अजून भेटतात, मी नमस्कार करतो, काय करणार.

बाबांचं घर स्लाऊला, 1994 साली 68,000 ला घेतलेलं, त्या वेळी किंमत साधारण 4,30,000. दोघांची मिळून बचत 90,000 च्या आसपास. आता हिशोब करा, जो मी करायला हवा होता. इथे माणशी 3,25,000 पर्यंत इनहेरिटन्स टॅक्स (वारसा कर) नाही. राहतं घर मुलांना जात असेल तर माणशी आणखी 1,75,000. नवरा-बायकोचं मिळून 10 लाख, कारण एकाचं न वापरलेलं दुसऱ्याला मिळतं. आमचं सगळं मिळून सव्वापाच लाख. म्हणजे आम्हाला एक पेनी टॅक्स लागणार नव्हता!! ज्या टॅक्सच्या भीतीने आम्ही सही केली तो आमच्यावर नव्हताच. पेरोलवाला मी, आणि साधी बेरीज केली नाही. का, तर तो मराठीत बोलत होता आणि आईची तब्येत ठीक नव्हती आणि मला एकदाचं ते सगळं मार्गी लावायचं होतं.

पॅकेज असं होतं. दोन विल फुकट. दोन ‘फॅमिली प्रोटेक्शन ट्रस्ट’ (म्हणजे घर आई-बाबांच्या नावावरून काढून ट्रस्टकडे द्यायचं), प्रत्येकी 2,350, म्हणजे 4,700. आई-बाबांना जमेनासं झालं की त्यांच्या वतीने व्यवहार करायची चार अधिकारपत्रं, म्हणजे पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी, सरकारी फी धरून 1,180. कागदपत्रं ‘आजीवन सांभाळायचे’ 395. एकूण 6,275. क्रेडिट कार्ड काढलं तर म्हणाला बँक ट्रान्सफर करा, 275 सोडतो. मी खूश, घासाघीस न करता पावणेतीनशे वाचले! क्रेडिट कार्डवर 100 ते 30,000 मधली खरेदी असली की सेक्शन 75 खाली बँकही जबाबदार असते. ते 275 माझ्या आयुष्यातले सगळ्यात महाग 275. शिवाय महिना 15 पाऊंडाचा ‘मेंटेनन्स’ डायरेक्ट डेबिट वेगळा.

घरी येऊन करार केला तर 14 दिवसांत रद्द करता येतो. तो कागद त्याने दिला पण, आणि त्याच्याच खाली “काम लगेच सुरू करा” अशी सही घेतली. असली सही कुणी मागितली की पेन खाली ठेवा.

आता 18 नोव्हेंबर 2021 ची संध्याकाळ. ही मला रात्री झोप लागू देत नाही. स्वयंपाकघरातलं टेबल, त्यावर निळी जाड फाइल, सोनेरी अक्षरं, जिथे सही करायची तिथे पिवळे चिकट कागद. मी विचारलं, “तुम्ही सॉलिसिटर (नोंदणी असलेले वकील) आहात ना?” तो म्हणाला, “आमचं सगळं काम लीगल टीम तपासते.” मी मान डोलावली. अरे बाबा, हो का नाही ते सांग ना! एवढंच विचारायचं होतं परत. इंग्लंड-वेल्समध्ये विल लिहून द्यायला कसलंही लायसन्स लागत नाही, 2007 च्या लीगल सर्व्हिसेस कायद्यात ते राखीव कामांत येतच नाही. उद्या मी केस कापायचं दुकान टाकून मागच्या खोलीत विल लिहून द्यायला लागलो तरी चालतंय. हे मला माहीत नव्हतं, तुम्हाला तरी होतं का?

आणि दुसरं. विलला दोन विटनेस लागतात. एक आमचे शेजारी आले होते, दुसरा त्याचा ज्युनियर पोरगा, तो गाडीतच बसलेला, बाहेर पाऊस, गाडी कोपऱ्यावरच्या रस्त्यावर, आमच्या खिडकीतून दिसत पण नाही. बाबांनी सही केली, शेजाऱ्यांनी केली, आणि हा माणूस पानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाहेर गेला, पाच मिनिटांनी आला, पोराची सही झालेली. पानाच्या कोपऱ्यावर पावसाचा थेंब पडून शाई फुटली होती. आईने मला हळूच विचारलं, “त्या मुलाने आपल्याला बघितलं पण नाही, मग तो साक्षीदार कसला रे?” आईला तेव्हा सप्टेंबरमध्येच जीपीने (फॅमिली डॉक्टरने) मेमरी क्लिनिकला पाठवलेलं, नावं विसरायला लागलेली. त्या खोलीत बरोबर प्रश्न फक्त तिने विचारला आणि मी म्हटलं, “आई, त्यांना माहीत असतं सगळं.”

विल्स अ‍ॅक्ट 1837, कलम 9. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी समोर हवेत, आणि त्यांनी पण आपली सही विल करणाऱ्याच्या समोर करायला हवी. कोविडमुळे तेव्हा व्हिडिओवरून साक्ष चालत होती, पण डोळ्यांनी दिसणं तरी हवंच. कोपऱ्यापलीकडच्या गाडीतून काय दिसणार, कप्पाळ?

बाबा 9 जानेवारी 2024 ला गेले. आईचं घरी एकटीने जमेना, फेब्रुवारीत केअर होम, आठवड्याला 1,380. आणि मग एकेक उघडं पडत गेलं.

पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी: चार अर्जांचे तेव्हा 82 प्रमाणे 328 पाऊंड सरकारी फी म्हणून घेतलेले, ही अधिकारपत्रं जिथे नोंदवतात त्या ऑफिस ऑफ द पब्लिक गार्डियनकडे विचारलं तर एकही अर्ज आलेला नाही. रजिस्टर केल्याशिवाय त्याला किंमत शून्य. आणि आईला आता समजून सही करता येत नाही म्हणजे नवीन पण होत नाही, कोर्ट ऑफ प्रोटेक्शनमध्ये आईचे व्यवहार बघायला डेप्युटी म्हणून अर्ज, सात महिने. तुमच्या आईबाबांचं झालं असेल तर मूळ कागदाच्या प्रत्येक पानावर रजिस्ट्रेशनचा शिक्का आहे का ते बघा. आजच.

विल: बाबा गेल्यावर ज्यांच्याकडे गेलो त्या सॉलिसिटरबाईंनी विचारलं सह्या कशा झाल्या. मी खरं सांगितलं. बहीण अजून म्हणते गप्प बसायचंस. पण मी खोटं लिहून देणार नव्हतो. विल बाद, बाबांची 61,000 ची बचत बिनविलाच्या नियमाने सगळी आईकडे, कारण तेव्हा 3,22,000 पर्यंत सगळं जोडीदारालाच जात होतं. आणि आईच्या नावावर 23,250 च्या वर काही असलं की कौन्सिल मदत देत नाही. म्हणजे नातवंडांना द्यायचे म्हणून बाबांनी ठेवलेले पैसे थेट केअर होमच्या बिलात.

ट्रस्ट: तो सारखा म्हणायचा 7 वर्षं झाली की कौन्सिल हात लावू शकत नाही. साफ खोटं. 7 वर्षं हा इनहेरिटन्स टॅक्सचा नियम आहे, आणि तिथेसुद्धा घर देऊन त्याच घरात फुकट राहिलात तर ते दिलंय असं धरतच नाहीत. केअरच्या खर्चाला अशी मुदतच नाही. कौन्सिल फक्त बघतं की खर्च टाळायला दिलं का. त्यांनी आमच्याकडे काय मागितलं असेल? तीच निळी फाइल. पहिल्याच पानावर छापलेलं, “केअर फीपासून तुमचं घर वाचवण्यासाठी”. आमच्याविरुद्धचा पुरावा आम्हीच पैसे देऊन छापून घेतला! मेमरी क्लिनिकची तारीख सप्टेंबर, ट्रस्टची नोव्हेंबर. 14 मार्चच्या पत्रात सरळ लिहिलं की आईचा अर्धा हिस्सा तिचाच धरणार. आणि घर तिच्या नावावर नाही म्हणून डिफर्ड पेमेंट पण लगेच मिळेना, जे एरवी मिळालं असतं, म्हणजे आत्ता कौन्सिलने भरायचं आणि नंतर घरातून वळतं करायचं. मधले महिने मी आणि बहिणीने खिशातून भरले.

वर, ट्रस्टी म्हणून मी, बहीण आणि ती कंपनी. 1 सप्टेंबर 2022 पर्यंत असले ट्रस्ट एचएमआरसीच्या रजिस्टरवर नोंदवायचे होते, कुणी नोंदवलाच नाही, मुद्दाम टाळलं असं ठरलं तर 5,000 पर्यंत दंड, आणि जबाबदार कोण तर मी. कंपनीने मात्र 15 पाऊंड न चुकता 20 महिने नेले, 300.

कंपनी ऑगस्ट 2023 मध्ये बुडीत. लिक्विडेटरने (बुडीत कंपनीची देणी निस्तरणाऱ्याने) फॉर्म पाठवला, भरला, उत्तर आलं तुमच्या वाट्याला काही येईल असं दिसत नाही.

आता तक्रारींची वारी ऐका. पोलिसांनी फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या अ‍ॅक्शन फ्रॉडकडे पाठवलं. तिथे 40 मिनिटं संगीत, मग एक नंबर, मग महिन्याने पत्र की तपासाला पुरेसं काही नाही. लीगल ओम्बड्समन (वकिलांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे) म्हणे ते नियंत्रित वकील नाहीत म्हणून आमच्याकडे येत नाही. सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटी म्हणे ते सॉलिसिटर नाहीत. फायनान्शियल ओम्बड्समन (बँका वगैरेंच्या तक्रारी ऐकणारे) म्हणे ट्रस्ट आमच्या कक्षेत नाही. फुकट सल्ला देणाऱ्या सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसने ऐकून घेतलं, खरंच नीट ऐकलं, आणि व्यापाऱ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे कळवलं, ते एकेकट्या माणसाचं प्रकरण घेत नाहीत. बँक म्हणाली तुम्ही पैसे दिले, सेवा मिळाली, हा दिवाणी वाद. अरे कसली सेवा! एमपीच्या ऑफिसातून दोन ओळींचं सहानुभूतीचं पत्र. म्हणजे सॉलिसिटरने चूक केली तर तक्रारीला चार दारं, आणि ज्याला काहीच येत नाही त्याने केली तर एकही नाही. 2013 साली वकिली सेवांवर देखरेख ठेवणाऱ्या लीगल सर्व्हिसेस बोर्डाने सरकारला सांगितलेलं की विल लिहिणं नियंत्रणाखाली आणा. सरकार म्हणालं गरज नाही. गरज नाही!

आणि ऐका, कंपनीज हाऊसच्या (कंपन्यांच्या सरकारी नोंदणीच्या) साइटवर फुकट शोधलं, तोच डायरेक्टर, नवीन कंपनी, पत्ता त्याच बिल्डिंगचा. हे मी 2021 मध्ये दोन मिनिटांत बघू शकत होतो, तेव्हा त्याच्या दोन जुन्या बंद कंपन्या दिसल्या असत्या.

सॉलिसिटरबाईंनी बंद पडलेली कंपनी ट्रस्टीतून काढली, आईचा हिस्सा तिच्या नावावर परत आणला. 2,850 अधिक व्हॅट 570, म्हणजे 3,420. एकूण 6,000 + 300 + 3,420 = 9,720. केअर होमला भरलेले वेगळेच.

सगळ्यात झोंबलं ते बाईंनी सहज बोलून दाखवलेलं. बाबांना जे हवं होतं ते साध्या विलमध्ये होत होतं: घर टेनंट्स इन कॉमन (दोघांचा वेगवेगळा हिस्सा) करायचं, आपापला अर्धा हिस्सा विलमधून मुलांना, मागे राहणाऱ्याला आयुष्यभर राहायचा हक्क. आणि जोडीदार घरात राहतोय तोवर कौन्सिल ते घर तसंही धरत नाही. त्यांच्याकडे दोघांच्या विलचे 700 घेतात. म्हणजे चहा प्यायचा होता आणि आम्ही म्हैस घेतली, तीही भाकड.

सॉलिसिटर खरा आहे का ते रेग्युलेशन अथॉरिटीच्या रजिस्टरवर नाव टाकून बघा, हॉलमधल्या भाषणावर जाऊ नका. विलमध्ये कंपनीला एक्झिक्युटर (विलची अंमलबजावणी करणारा) करू नका, इस्टेटीचे टक्के मोजतात. “आपला माणूस” म्हणून कुणी आला तर पोहे द्या, सही देऊ नका.

मावशी, तुम्ही वाचत असाल तर नंबर देणार नाही. आणि ज्यांच्या घरी ती निळी फाइल आहे त्यांनी काढून विलचं शेवटचं पान बघा. दुसऱ्या विटनेसचा पत्ता कंपनीचाच असेल तर आठवून बघा, तो मुलगा त्या दिवशी घरात आला होता का.