होडीला घरीच ऑइल पेंट मारला, नऊ महिन्यांनी काय टिकलं आणि काय सुटलं

पेंट मारल्यावर पंधरा दिवस कुठलीही होडी चांगलीच दिसते, म्हणून तेव्हा काही लिहिलं नाही. आता नऊ महिने झाले, त्यातला पावसाळा होडीने ताडपत्रीखाली काढला आणि नंतरचे साडेपाच महिने ती मनोरीच्या खाडीत पाण्यावर आहे, त्यामुळे आता सांगण्यासारखं काहीतरी आहे. ज्यांची घरची लहान लाकडी होडी आहे आणि जे घरच्या घरी रंगवायचं म्हणतायत त्यांच्यासाठी हे. मोठ्या ट्रॉलरवाल्यांचं गणित वेगळं, त्यांनी हे धरून चालू नये.

होडी बाबांची, १६ फुटी, सागाची, वल्ह्यावर चालणारी. कालवं काढायला जायचं, चिंबोऱ्या पकडायच्या, बोय मासळी लागली तर बोय, एवढाच तिचा वापर. यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, आमच्या होडीला तो नियम लागत नाही पण पावसात आम्हीही तिला वर ओढून शाकारून ठेवतो. म्हणून एप्रिलच्या शेवटी तिला अंगणात आणून दोन ओंडक्यांवर पालथी घातली.

आधी निकाल सांगतो म्हणजे घाईवाल्यांना पुढचं वाचायला नको. पाण्याच्या रेघेच्या (होडी पाण्यात बुडते तिथवरची रेघ) वर ऑइल पेंट एक नंबर, पैसे वसूल. रेघेच्या खाली मारू नका, कितीही हात मारा, नाही टिकत. मी दोन्हीकडे मारला होता म्हणून दोन्ही सांगू शकतो.

दुकानात ऑइल पेंट मागा नाहीतर सिंथेटिक इनॅमल मागा, डबा तोच येतो. मालाडच्या बाजारातून घेतला, रिक्षाने मार्वेला आणि तिथून फेरीबोटीने घरी. पांढरा, निळा, लाल मिळून ४ लिटर, गुलाबी वूड प्रायमर २ लिटर, तारपीन, लांबी (खड्डे-फटी भरायची पुट्टी), ८०, १२० आणि २२० नंबरचा वॉटर पेपर. एवढ्यात आतून बाहेरून दोन दोन हात झाले आणि निळा थोडा उरला. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण जे खराब झालं त्यात डब्याचा दोष नव्हता, मीच तो चुकीच्या जागी लावला.

सगळ्यात जास्त वेळ जुना रंग काढण्यात गेला, चार दिवस. आणि इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो, जुना रंग कोरडा घासू नका. आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगात शिशाची मर्यादा दहा लाखांत ९० भाग, हा नियम २०१६ सालचा, लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. आमच्या होडीवर बाबांनी वीस-पंचवीस वर्षं एकावर एक मारलेले थर होते, त्यात शिसं असणारच असं धरून चाललेलं बरं. माझी मुलगी चार वर्षांची, अंगणातच खेळते. मी सगळं पाणी मारून ओलं घासलं, खाली जुनी ताडपत्री अंथरली, तोंडाला साधा रुमाल न बांधता चांगला मास्क लावला आणि खरवड गोळा करून पिशवीत बांधली, खाडीत नाही सोडली. मुलीला ते चार दिवस आजीकडे ठेवलं. कंटाळवाणं काम आहे पण यात काटकसर करू नका.

दुसरी अडचण निघाली ती तेलाची. बाबा दरवर्षी आतून माशाचं तेल पाजायचे लाकडाला, जुनी पद्धत, लाकडासाठी चांगलीच. पण तेल प्यायलेल्या फळीवर पेंट धरत नाही हे मला माहीत नव्हतं. आत पहिला हात मारला, दोन दिवसांनी बोटाने घासलं तर केळीच्या सालीसारखा सोलून हातात आला. मग पूर्ण आतला भाग परत खरवडला, तारपिनात भिजवलेल्या कापडाने तीन वेळा पुसला, प्रत्येक वेळी कापड पिवळं तपकिरी होऊन निघायचं, चौथ्यांदा जरा स्वच्छ निघालं तेव्हा प्रायमर लावला. तरीही नाळेजवळ, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाजवळ, आत एका कोपऱ्यात अजून पापुद्रे सुटतात, तिथे तेल खोलवर गेलेलं असणार. (ती तेलाची नि पेंटची कापडं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, वाळताना आपोआप गरम होऊन पेट घेऊ शकतात, पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.)

घासून झाल्यावर गोड्या पाण्याने धुतलीच पाहिजे, एकदा नाही दोन तीनदा. लाकडात मीठ राहिलं की ते पेंटखाली ओल ओढत राहतं आणि तिथेच फोड येतात. मी दोनदा धुतली आणि सहा दिवस उन्हात तशीच ठेवली.

आता हात मारण्याबद्दल. ऑइल पेंट नुसता सुकत नाही, आधी तारपीन उडून जातं आणि मग हवेतला ऑक्सिजन घेऊन तो हळूहळू घट्ट होतो. जाड मारला की वर साय धरते दुधासारखी, आणि आत ओलाच राहतो. हे मला पुस्तकी वाटायचं, होडीने दाखवून दिलं. डाव्या अंगाला सकाळी पहिला हात मारला, दुपारपर्यंत हाताला लागत नव्हता म्हणून संध्याकाळी दुसरा मारला. उजव्या अंगाला बाबा म्हणाले "अरे घाई कशाला करतोस, उद्याचं ऊन खाऊ दे तिला", म्हणून दुसऱ्या दिवशी २२० ने हलकं घासून मग मारला. तेच डबे, तोच ब्रश. डाव्या अंगाला आठवड्यात बारीक सुरकुत्या आल्या, आज नऊ महिन्यांनी तिथे नख दाबलं तर खूण उमटते, उजवं अंग अजून कडक आणि चकचकीत. त्यामुळे माझ्या मते दोन हातांमधले चोवीस तास हेच या सगळ्या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं. दुसरं, मे महिन्यात अकरा ते चार ब्रश हातात घेऊ नका, फळी एवढी तापते की ब्रश ओढतानाच रंग दाटतो आणि बुडबुडे राहतात. पहाटे दव असतं म्हणून अगदी लवकरही नको. मी आठ ते साडेदहा एवढंच काम केलं, आणि शेवटच्या हातानंतर दहा दिवस तिला कोणी हात लावला नाही.

फटींचं मात्र चुकलं. उन्हात ठेवल्यावर फळ्या आक्रसल्या, दोन फळ्यांमधल्या फटी मोठ्या दिसायला लागल्या, मी कापूस कोंबून वरून लांबी गच्च भरली, घासून सपाट केली, दिसायला एकदम फायबरची होडी. ऑगस्टमध्ये पाण्यात गेल्यावर लाकूड दोन दिवसांत फुगलं आणि सगळ्या फटींची लांबी बाहेर ढकलली गेली, त्यावरचा पेंट सरळ रेषेत तडकला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. शेजारचे काका बघून म्हणाले, फट थोडी रिकामी ठेवायची असते रे, लाकडाला फुगायला जागा नको का? बरोबर होतं त्यांचं. लांबी फक्त खिळ्यांच्या खड्ड्यांत आणि खरचटलेल्या जागी भरा, फटीत कापूस आणि वर मऊच काहीतरी.

ताडपत्रीखालचा एक अनुभव, कारण तेव्हा मी खूप घाबरलो होतो. जुलैच्या शेवटी शाकारणी काढली तर वरचा पांढरा पट्टा चक्क पिवळट, जुन्या कागदासारखा. वाटलं भेसळीचा माल आला. नंतर कळलं की या जातीचा पांढरा रंग अंधारात राहिला की पिवळा पडतोच, आणि उजेडात ठेवला की बराचसा परत येतो. आणि खरंच, नारळी पौर्णिमेपर्यंत उघडी ठेवली, पट्टा जवळजवळ पूर्ववत पांढरा झाला. फक्त आत बसायच्या फळीखाली, जिथे ऊन पोचत नाही, तिथे अजून पिवळा आहे. पुढच्या वेळी आतून पांढरा मारणारच नाही.

बाकी रेघेच्या वरचं काम मनासारखं आहे. निळा जसाच्या तसा. लाल पट्टी, संध्याकाळचं ऊन ज्या बाजूला येतं तिथे फिकी पडली, बोट फिरवलं की बोटाला लाल पावडर लागते. वरच्या कडेला जिथे दोर घासतो तिथला पेंट दोन महिन्यांतच गेला, तिथे आता नुसतं तेल पाजतो, ते बरं पडतं. आईने पूजेला नाळेवर लावलेल्या हळदीचा डाग ओल्या कापडाने निघाला, त्याची धास्ती होती.

आणि खालचं. ऑक्टोबरमध्ये ओहोटीला होडी गाळावर बसली तेव्हा वाकून बघितलं. हरभऱ्याएवढे फोड, शेकड्याने. एक नखाने फोडला तर आतून पाणी आलं आणि खाली प्रायमर मऊ लोण्यासारखा. ऑइल पेंट सतत पाण्यात राहिला की हळूहळू पाणी पितो, त्याला पर्याय नाही. वर त्या टोकदार पांढऱ्या शिंपल्या बसलेल्या, त्या खरवडल्या की सोबत पेंट निघून येतो आणि जिथे पेंट राहतो तिथे पांढरी गोल चकती चिकटून राहते. डिसेंबरपर्यंत तळाचा निम्मा रंग गेला, वल्हं मारताना होडी जड लागायला लागली ते वेगळंच.

तळासाठी वेगळा रंग येतो, अँटिफाउलिंग, त्यात बहुतेक करून तांबं असतं, त्यामुळे शिंपल्या नि शेवाळ कमी बसतं. महाग आहे, ऑइल पेंटच्या कितीतरी पट. तो घेताना विचारून घ्या. पूर्वी यात टीबीटी नावाचं कथलाचं विष असायचं, फ्रान्समध्ये आर्काशोनच्या खाडीत त्याने कालवांची शेतीच बुडवली होती, त्यांनी १९८२ मध्ये लहान बोटींवर ते बंद केलं आणि २००८ पासून आंतरराष्ट्रीय करारानेच बंदी आहे. आपण ज्या खाडीतली कालवं खातो त्याच खाडीत होडी उभी करतो म्हणून मला हे फार जवळचं वाटतं. तांब्याचा रंगसुद्धा खरवडताना खाली ताडपत्री हवीच.

खर्च सगळा मिळून साडेचार हजारांच्या आत, मजुरी घरची, मी आणि बाबा, पावणेतीन आठवडे. यंदा एप्रिलमध्ये पूर्ण होडी परत नाही करणार. तळ लाकडापर्यंत उघडा करून त्याला तळाचाच रंग, फटींतली लांबी काढून टाकायची, डावं अंग खरवडून नव्याने एक एक दिवस सोडून दोन हात, आणि उजव्या अंगाला हात लावायचा नाही. निळ्याचा उरलेला डबा उलटा करून ठेवलाय म्हणजे साय तळाला धरेल, डाव्या अंगाला तेवढा पुरेल.