अंगठ्यापलीकडचे ईबर्ट

शिकागोच्या ‘सन-टाइम्स’ या दैनिकात १९६७ पासून चित्रपट-समीक्षा लिहिणारे आणि १९७५ मध्ये पत्रकारितेतला पुलित्झर पुरस्कार मिळवणारे रॉजर ईबर्ट घराघरांत पोहोचले, ते मात्र प्रतिस्पर्धी दैनिक ‘ट्रिब्यून’चे समीक्षक जीन सिस्केल यांच्याशी दूरचित्रवाणीवर घातलेल्या वादांमुळे. स्टीव्ह जेम्स यांच्या ‘लाइफ इटसेल्फ’ (२०१४) या ईबर्ट यांच्यावरील माहितीपटातील, प्रक्षेपणात न आलेली दोघांची खडाजंगी तर अफलातूनच आहे. कर्करोगाने खालचा जबडा आणि वाचा हिरावलेल्या ईबर्ट यांच्या घशातला स्राव नळीने ओढून काढतानाचे दृश्य कॅमेरा टाळत नाही. ते पाहवत नसले, तरी माहितीपटाचे खरे बळ तिथेच आहे. या दोघांनी दूरचित्रवाणीवर अंगठा वर-खाली करून चित्रपट निकालात काढण्याने समीक्षा उथळ झाली, या आक्षेपाला मात्र माहितीपटाने आणखी वेळ द्यायला हवा होता.