चार स्पीकरची पेटी, जिवंत दोनच

बास गिटारसाठी सेकंडहँड मशीन (अ‍ॅम्प्लिफायर) आणि पेटी (स्पीकरचे खोके) घ्यायला निघालेल्यांनी हे आधी वाचावे. विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडच्या नाटकांत वाजवणाऱ्या पार्ट्यांनी, कारण आपल्या हंगामाचा अंदाज घेऊनच हा माल बाजारात येतो. दिवाळी झाली, धान कापून झाले की मंडई (जत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) सुरू होतात, त्यांच्यासोबत नाटके. नाटके होळीपर्यंत चालतात, मग १४ एप्रिलच्या पुढेमागे भीमगीतांचे कार्यक्रम, त्यानंतर लग्नं. ऐन हंगामात मशीन उडाली तर माणूस मिळेल ती, मिळेल त्या भावात घेतो. दुकानदाराला हे आपल्यापेक्षा चांगले माहीत असते.

आमची पार्टी वडशाजवळची. पॅड, कॅसिओ, ऑर्गन, तबला, ढोलक आणि मी बासवर. आमची जुनी मशीन बसली तेव्हा नागपूरच्या एका दुकानाची जाहिरात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आली. बास हेड (म्हणजे मशीन) ५०० वॉट, चार बाय दहाची (दहा इंची चार स्पीकरची) पेटी, ८ ओम (स्पीकरचा विजेला होणारा रोध), इम्पोर्टेड, मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलातून निघालेला माल. दोन्ही मिळून ३८,००० रुपये. पेटीवर एका नावाजलेल्या परदेशी कंपनीचा बिल्ला होता. त्या कंपनीचा यात काही दोष नाही, म्हणून नाव घेत नाही. दुकानाचेही लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे.

फसवणूक कशी बेतलेली होती ते नीट सांगतो. दुकानदाराने काहीच लपवले नाही, उलट सगळे स्वतःहून दाखवले.

पेटी दुकानाच्या मागच्या लहान खोलीत, कोपऱ्याला चिकटवून ठेवली होती. बास त्यांचाच, वायरही त्यांचीच. मशीनवरचा बास नॉब आधीच घड्याळातल्या तीनच्या जागेपर्यंत फिरवलेला. कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळून खालचे सूर फुगवतात, त्यामुळे तिथे खोक्यातला रेडिओसुद्धा धमधम करतो. मी खालची ई तार मोकळी वाजवून पाहिली. ती ४१ हर्ट्झची. पण कानाची गंमत अशी की ४१ मिळाले नाही आणि त्याच्या दुप्पट ८२ चा सूर मिळाला, तरी तो 'ई' म्हणून मान्य करून टाकतो. खोलीत ई दणदणीत ऐकू आला.

मग त्याने जाळी काढली. "हात लावून पाहा ना भाऊ, चारही चालून राहिले का नाही?" मी चारही कोनांवर (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्यांवर) बोट टेकवले. चारही हलत होते. पेटी उचलून पाहिली तर दोघांनाही दम लागला. "असली माल हलका राहतच नाही जी."

पाच हजार रुपये यूपीआयने आगाऊ गेले होते, बाकीचे त्याने रोख मागितले, जीएसटी वाचतो म्हणून. पावतीवर लिहिले 'मशीन १ नग, बॉक्स १ नग'. कंपनी नाही, वॉट नाही, ओम नाही. त्याखाली रबरी शिक्का: सात दिवस टेस्टिंग वॉरंटी.

पहिलाच प्रयोग शंकरपटाच्या गावी होता. मंडप तीन बाजूंनी कनातीचा, म्हणजे आवाजाच्या हिशोबाने मोकळे मैदानच. कनात खालच्या सुरांना अडवत नाही, परतही पाठवत नाही. पहिल्या गाण्यातच बास पुढच्या सतरंजीपलीकडे गेला नाही. ऑर्गनवाल्या काकाजींनी मान वळवून विचारले, "वाजवून राहिला का बंद आहे जी?" दुसऱ्या अंकात तर आवाज पूर्ण गेला. मशीनचा दिवा चालू, पंखा चालू, आवाज नाही. पुढचा प्रवेश अर्धा झाला आणि आवाज आपोआप परत आला. मग पुन्हा गेला. हिरॉईनच्या नाचाला कॅसिओवाल्याने डाव्या हाताने बास सांभाळला म्हणून निभावले.

दुकानदाराला फोन लावला. "तुमच्या गावाकडे व्होल्टेजच नाही ना भाऊ, १८० वर मशीन चालते का?" त्या रात्री आमच्याकडे जनरेटर होता आणि मीटर २२५ दाखवत होता. ते सांगितल्यावर, जनरेटरची लाइट साफ नसते. ते झाल्यावर, तुमचा बास आत बॅटरीचे सर्किट असलेला, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह असेल, त्याने मशीन दबते. या प्रत्येक उत्तरात थोडे तथ्य आहे, म्हणून माणूस गप्प बसतो. व्होल्टेज उतरले तर ताकद खरेच कमी होते. अ‍ॅक्टिव्ह बासचा जोर जास्त असतो, त्यासाठी चांगल्या हेडवर वेगळे बटण किंवा वेगळा जॅकही असतो. पण त्याने आवाज फाटतो. पंधरा मिनिटे गायब होऊन परत येत नाही. तापून बंद पडणारी आणि थंड झाल्यावर सुरू होणारी मशीन म्हणजे एकतर तिची हवा बंद आहे, नाहीतर तिच्यावर लोड जास्त आहे. या फोनाफोनीत सात दिवसांची वॉरंटी संपली. मला वाटते ते सातच दिवस ठेवण्यामागचे कारणही तेच असावे.

ब्रम्हपुरीला आमच्या ओळखीचे एक जुने मेकॅनिक आहेत, सगळे त्यांना मामाजी म्हणतात. त्यांनी पेटी वाजवलीच नाही. आधी मल्टीमीटर काढला, ओमवर लावला आणि पेटीच्या जॅकला टेकवला. आकडा आला १.७.

इथे थोडे थांबून समजून घ्या. ८ ओमचा स्पीकर मीटरवर साधारण ६ दाखवतो, ४ ओमचा तीन-साडेतीन. मीटर तांब्याच्या तारेचा नुसता रोध मोजतो, म्हणून तो लेबलपेक्षा थोडा खाली येतो. १.७ म्हणजे पेटी २ ओमची. बहुतेक बास हेडना ४ ओमपर्यंतच झेपते. त्याच्या खाली गेलात तर मशीनमधून झेपेल त्यापेक्षा जास्त करंट ओढला जातो आणि ती तापते. पेटीमागच्या स्टिकरवर मात्र ८ ओम छापलेले होते.

मग मामाजींनी नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी घेतली आणि पेटीच्या वायरला क्षणभर टेकवली. दोन कोन टपकन पुढे आले. उरलेले दोन किंचित मागे गेले. "बाप्पा! इथं तं दोनच जिते हायेत लेका."

मागचे पाट खोलले तर चारही स्पीकरला वायरी व्यवस्थित जोडलेल्या. मामाजींनी एकेक वायर सुटी करून मोजले. वरचे दोन ४ ओमचे, पॅरललमध्ये, म्हणून २. खालच्या दोघांच्या कॉइल जळालेल्या, मीटर काहीच दाखवेना. चारही मॅग्नेटवरचे छापील नंबर पॉलिश पेपरने घासून काढलेले, घासल्याचे गोल ओरखडे टॉर्चच्या उजेडात स्पष्ट दिसत होते. पेटीच्या तळाला कडप्प्याचा एक लांब तुकडा सिलिकॉनने चिकटवला होता. पाट प्लायचा नव्हता, भुशाच्या बोर्डाचा होता, स्क्रू पिळताना भुसा गळत होता. मामाजींनी कडप्प्यावर बोटाने टकटक केले. "याले पेटी नाही म्हणत जी, हे तं किचनचा ओटा होय."

मेलेले कोन का हलत होते हे कळले तेव्हा दुकानदाराच्या डोक्याला मानले. चारही स्पीकर एकाच बंद पेटीत. जिवंत स्पीकर आत दबला की पेटीतली हवा दाबली जाते आणि ती मेलेल्याला बाहेर ढकलते. बोटाला थरथर लागते, नजरेला हालचाल दिसते. एवढेच नाही, एक आत जाताना दुसरा बाहेर येत असल्यामुळे खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणजे ते दोन नुसते निकामी नव्हते, उरलेल्या दोघांचा बासही गिळत होते. दोन जिवंत स्पीकरची प्रामाणिक पेटी याच्यापेक्षा बरी वाजली असती.

मशीनची कथा लहान आहे. पुढच्या पट्टीचा स्टिकर थिनरने पुसल्यावर खाली दुसरीच अक्षरे निघाली. आत एक लोखंडी ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंकवर (उष्णता काढणाऱ्या पत्र्यावर) एकच आयसी (चिप), टीडीए ७२९४. ही आयसी वाईट नाही. योग्य सप्लाय आणि योग्य लोड मिळाला तर ती ७० वॉटपर्यंत देते आणि तापली की स्वतःला बंद करून वाचवते. आमचा आवाज याचमुळे जात-येत होता. पण ७० म्हणजे ५०० नव्हे. खोलीत हा फरक लगेच का कळत नाही? कानाला आवाज दुप्पट वाटायला वॉट दहापट लागतात. ५०० आणि ७० मधला फरक कानाला जेमतेम निम्म्याइतका लागतो आणि कोपऱ्यातल्या खोलीत तो सहज झाकला जातो.

वॉटच्या आकड्यांवर आपल्याकडे श्रद्धा फार. पीएमपीओ नावाच्या आकड्याला तर काही अर्थच नाही, आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी ताकद, किती ते विचारा. १९६९ साली अँपेग कंपनीने एसव्हीटी काढले ते ३०० वॉटचे हेड, व्हॉल्व्हचे (काचेच्या नळ्यांचे), सोबत दहा इंची आठ स्पीकरच्या पेट्या. मोठमोठ्या स्टेजवर बास ऐकू यावा म्हणून ते बनवले होते. खरे ३०० वॉट ते काम करतात, तर ५०० वॉटने मंडपातली पुढची सतरंजी ओलांडायला काय हरकत होती? त्या हेडचे वजन चाळीस किलोच्या घरात होते, तेव्हापासून बासचा माल जड असतो हे डोक्यात बसले आहे. आजची क्लास-डी (वीज कमी वाया घालवणारी) हेडं तीनचार किलोची असून मजेत वाजतात. वजनाचा आता काही भरवसा नाही, कडप्पा मिळतोच.

लोखंडी ट्रान्सफॉर्मरच्या मशीनचा वॉट ताडायचा असेल तर मागच्या फ्यूजवर नजर टाका. आमच्या मशीनवर १ अँपियर लिहिले होते. २३० व्होल्टला १ अँपियर म्हणजे २३० वॉट आत येणार, त्यातलेही काही उष्णतेत जाणार. ५०० बाहेर कुठून येतील? क्लास-डी मशीनला हा हिशोब तंतोतंत लागू पडत नाही, हे मात्र लक्षात ठेवा.

घ्यायला जाताना आपला बास, आपली वायर, मीटर आणि ती चौकोनी बॅटरी घेऊन जा. मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. पेटी कोपऱ्यातून ओढून दुकानाबाहेर, शक्यतो रस्त्यावर घ्या. मशीनचे सगळे नॉब बारा वाजता ठेवा आणि खालची ई वाजवा. बॅटरी लावताना पेटीची वायर मशीनमधून काढलेली असू द्या. चारही कोन एकाच दिशेला गेले पाहिजेत. मागचे पाट उघडायला दुकानदाराने नकार दिला तर उठून चला. आणि पेटीसोबत कोणती वायर देतो तीही सोलून पाहा. आम्हाला स्पीकरला म्हणून जी दिली ती गिटारची जाळीवाली बारीक वायर निघाली, ती स्पीकरला लावायची नसते.

मशीन खरी असली तरी लावताना ती जळू शकते. गेन (आत येणाऱ्या आवाजाचा नॉब) एवढाच वाढवा की सगळ्यात जोरात ठोकल्यावर क्लिपचा (आवाज फाटू लागल्याचा) दिवा एकदा लुकलुकावा, बाकी आवाज मास्टरवर (बाहेर जाणाऱ्या आवाजाच्या नॉबवर) घ्या. मोकळ्या मैदानात बास कमी वाटला की हात बास नॉबकडे जातो, तिथेच स्पीकर मरतात. ३ डेसिबल वाढवले की मशीनकडून दुप्पट ताकद मागितली जाते, १० वाढवले की दहापट. त्यापेक्षा मिड (मधले सूर) थोडे वर घ्या, बोटांचा ठसा मागेपर्यंत जातो. पेटी टेबलावर ठेवू नका, जमिनीवर ठेवा, आणि शाळेची नाहीतर ग्रामपंचायतीची पक्की भिंत जवळ असेल तर तिला पाठ लावून ठेवा. एक ८ ओमची पेटी असताना दुसरी ८ ओमची जोडली तर लोड ४ होतो. तिसरी जोडायची असेल तर आधी मशीनच्या मागे काय लिहिले आहे ते वाचा.

तक्रारीचे सांगतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, नागपूरला चकरा माराव्या लागत नाहीत. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची. आधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करून घेतली. दुकानदाराच्या वकिलाचे म्हणणे, तुम्ही धंद्यासाठी घेतले, तुम्ही ग्राहक नाहीच. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू 'धंद्यासाठी घेतलेली' यातून वगळलेली आहे, हे कायद्यातच लिहिले आहे. पावती कच्ची असूनही आमचे प्रकरण टिकले ते दोन गोष्टींमुळे: यूपीआयची नोंद आणि '५०० वॉट, ८ ओम, चारही स्पीकर ओरिजिनल' असे लिहिलेला त्याचाच व्हॉट्सअ‍ॅप मेसेज. फोनवर बोलणे झाले तरी तेच पुन्हा मेसेजवर लिहून मागा.

पुढची तारीख अजून यायची आहे. मधल्या काळात मामाजींनी त्याच खोक्यात दोन चांगले ८ ओमचे स्पीकर बसवून, खालची दोन भोके प्लायने बंद करून दिली आहेत. मशीन दुसरी घेतली.

काळ्या कार्पेटची, दहा इंची चार स्पीकरची, मागे जरा तिरके चिकटवलेले ८ ओमचे स्टिकर असलेली पेटी तुमच्याकडेही आली असेल, तर ती दुकानात परत नेण्याआधी मागचे पाट उघडा आणि घासलेले मॅग्नेट व मीटरचा आकडा एकाच फोटोत येईल असे फोटो काढून ठेवा. आम्ही नेली तेव्हा तो पैसे परत करायला तयार नव्हता, पण "ठेवून जा ना भाऊ, दोन दिवसांत चकाचक करून देतो" असा आग्रह मात्र फार करत होता.