दिल्लीत मुक्काम कुठे करावा : नवी दिल्ली स्थानकाजवळ की दक्षिण दिल्लीत?

दिल्लीची सहल आखताना बहुतेक कुटुंबे आधी पाहण्याच्या ठिकाणांची यादी करतात, गाडीची तिकिटे काढतात आणि हॉटेल मात्र शेवटी, केवळ दर पाहून ठरवतात. या शहराच्या बाबतीत हा क्रम उलटा असायला हवा, कारण दिल्ली हे एका गाभ्याभोवती वाढलेले शहर नाही. शाहजहानचा लाल किल्ला आणि मेहरौलीचा कुतुबमिनार यांत सुमारे १८ किलोमीटरचे अंतर आहे, हुमायूनची कबर या दोहोंच्या मध्ये आणि अक्षरधाम तर यमुनेच्या पलीकडे आहे. त्यामुळे मुक्कामाची जागा चुकली तर रोजचे दोन-तीन तास रस्त्यातच जातात, आणि सोबत वृद्ध माणसे असतील तर तिसऱ्या दिवशी फिरण्याचा उत्साहच उरत नाही. मध्यम खर्चात राहू इच्छिणाऱ्यांपुढे खरे पर्याय दोनच आहेत : नवी दिल्ली स्थानकालगतचे पहाडगंज व त्यापुढचे करोल बाग, किंवा दक्षिणेकडील लाजपत नगर, जंगपुरा, ग्रीन पार्क, हौज खास या वसाहती.

पहिला प्रश्न आपली गाडी कुठे उतरवते हा आहे. मुंबई सेंट्रलहून निघणारी मुंबई राजधानी, पंजाब मेल आणि पुण्याहून जाणारी झेलम एक्सप्रेस या गाड्या नवी दिल्ली स्थानकावर येतात. ऑगस्ट क्रांती राजधानी, नाशिकमार्गे जाणारी सीएसएमटी राजधानी आणि वास्कोहून पुण्यामार्गे येणारी गोवा एक्सप्रेस मात्र हजरत निजामुद्दीनला थांबतात. नवी दिल्लीला उतरणाऱ्याला पहाडगंज पायी अंतरावर असले, तरी एक गोष्ट आधीच ध्यानात ठेवावी : पहाडगंज एक नंबर फलाटाच्या बाजूला आहे, तर मेट्रोची स्थानके, विमानतळाची एक्सप्रेस मेट्रो धरून, पलीकडच्या अजमेरी गेट बाजूला आहेत. सामान घेऊन चुकीच्या बाजूने बाहेर पडल्यास सगळे फलाट पुन्हा पुलावरून ओलांडावे लागतात. निजामुद्दीनला उतरणाऱ्याची लाजपत नगरात सोय उत्तम होते, कारण स्थानकाला लागूनच पिंक लाइनची मेट्रो आहे आणि तिथून लाजपत नगर तिसरे स्थानक आहे.

खर्चाचा विचार केला तर पहाडगंज निर्विवाद स्वस्त आहे, परंतु त्या स्वस्ताईची किंमत नेमकी कशी मोजावी लागते हे जाणून घेतले पाहिजे. मेन बझार हा अरुंद रस्ता आहे. सकाळी माल उतरवणाऱ्या हातगाड्या, सायकल रिक्षा, ई-रिक्षा आणि छोले-भटुऱ्यांच्या दुकानांपुढची गर्दी यांतून चाकांची बॅग ओढत नेणे हेच एक काम होऊन बसते. हॉटेले एकमेकांना चिकटून उभी असल्याने कित्येक खोल्यांना बाहेर उघडणारी खिडकीच नसते, किंवा असली तरी ती जिन्याकडे उघडते. म्हणून आरक्षण करताना फोनवर तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात : खिडकी बाहेर उघडते का, लिफ्ट चालू आहे का, आणि हॉटेलच्या दारापर्यंत गाडी येते का. स्थानकाबाहेर ‘तुमचे हॉटेल बंद पडले आहे, रस्ता अडवला आहे, माझ्याबरोबर चला’ असे सांगणारे दलाल आजही भेटतात; त्यांच्याशी न बोलता थेट हॉटेलला फोन करावा आणि प्रीपेड ऑटोच्या खिडकीवरच पावती घ्यावी. दिल्लीतील मराठी मंडळींची जुनी नूतन मराठी शाळा याच पहाडगंज भागात आहे, त्यामुळे मराठी माणसाला हा परिसर अगदीच परका नाही. तरीही लहान मुले किंवा वृद्ध सोबत असतील तर मी पहाडगंजाऐवजी दोन मेट्रो स्थानके पुढे असलेले करोल बाग सुचवेन : दर थोडे चढे, पण रस्ते रुंद, खोल्या मोकळ्या आणि शाकाहारी जेवणाची चणचण नाही.

दक्षिण दिल्लीतील वसाहतींत मोठ्या हॉटेलांपेक्षा घरगुती धाटणीची अतिथीगृहे अधिक आढळतात. दर जास्त असतात, पण रात्री शांत झोप मिळते आणि सकाळी फिरायला मोकळी जागा असते, आणि माझ्या मते दिल्लीतल्या वास्तू पाहण्याची खरी वेळ सकाळचीच आहे. जंगपुऱ्यात राहणारा माणूस हुमायूनच्या कबरीशी ऑटोने थोडक्या वेळात पोहोचतो; त्या वेळी सहलीच्या बसगाड्या आलेल्या नसतात, लाल दगडावर कोवळे ऊन पडलेले असते, आणि मधल्या पाटांतून चारबागेची, म्हणजे चार भागांत विभागलेल्या बागेची, मांडणी डोळ्यांना नीट उलगडते. शेजारीच ‘सुंदर नर्सरी’ नावाची बाग आहे, आणि लोधी बागेतील सुलतानांच्या कबरी पाहायला तिकीटही लागत नाही. ग्रीन पार्क किंवा हौज खास इथून यलो लाइनने कुतुबमिनार स्थानक जवळ आहे, मात्र स्थानकापासून मिनार दीड किलोमीटरहून दूर असल्याने तिथेही ऑटो करावी लागते. मिनारालगतच्या मेहरौली पुरातत्त्व उद्यानात सुलतान बल्बनची कबर, राजोंकी बावली ही पायऱ्यांची विहीर आणि जमाली-कमाली ही मशीद व कबर आहेत. एका दिवसात सगळे उरकणाऱ्या सहलींत हे उद्यान हमखास वगळले जाते, आणि ते वगळणे मला फार मोठे नुकसान वाटते.

लाल किल्ला आणि चांदणी चौक यांच्यासाठी मध्य दिल्लीच सोयीची, हा समज अर्धाच खरा आहे. नवी दिल्ली मेट्रो स्थानकावरून चांदणी चौक दुसरेच स्थानक आहे हे खरे, परंतु लाजपत नगरहूनही व्हायोलेट लाइन गाडी न बदलता थेट जामा मशीद आणि लाल किल्ला या स्थानकांवर पोहोचवते, तर करोल बागहून राजीव चौकाच्या गर्दीत किंवा मंडी हाउसला गाडी बदलावी लागते. चांदणी चौकाच्या मुख्य रस्त्यावर, लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंत, सकाळी ९ ते रात्री ९ या वेळेत मोटारींना बंदी असल्याने भाड्याची गाडी असूनही तिथे पायी किंवा सायकल रिक्षानेच फिरावे लागते. मराठी वाचकाने लाल किल्ल्यात दिवाण-ए-खासपुढे थोडा अधिक वेळ थांबावे. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली, तेव्हा फौजेच्या खर्चाची ओढाताण इतकी होती की या दालनाच्या छताची चांदी काढून वितळवली गेली. पुढच्याच जानेवारीत पानिपत झाले. ते छत पाहताना तो सारा काळ आपल्याला फार जवळचा वाटतो.

अक्षरधामसाठी करोल बाग सरस आहे, कारण ब्लू लाइन थेट जाते. फक्त ‘यमुना बँक’ या स्थानकाशी ही लाइन दुभंगते, तेव्हा वैशालीकडे नव्हे तर नोएडाकडे जाणाऱ्या गाडीतच बसावे. विमानतळाजवळचे महिपालपूर स्वस्त दरांमुळे मोह पाडते, पण पहाटेचे विमान असेल तर एका रात्रीपुरतेच ते ठीक आहे.

वारांची गणिते दोन्हीकडे सारखीच सांभाळावी लागतात. लाल किल्ला, अक्षरधाम आणि राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद असतात, तर कुतुबमिनार आणि हुमायूनची कबर रोज उघडी असतात, म्हणून सोमवार दक्षिणेकडील वास्तूंसाठी राखावा. चांदणी चौकातील बहुतेक दुकाने रविवारी, आणि करोल बाग व लाजपत नगरचे बाजार सोमवारी बंद असतात. दिवाळीनंतरचे काही आठवडे धुरके इतके दाट असते की दमेकऱ्यांनी तेव्हा जाऊच नये, आणि डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे गाड्या तासन्‌तास रखडतात. फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा आणि मार्च हा काळ सर्वांत चांगला.

एकूण विचार करता, पहिल्यांदाच जाणाऱ्या, दोन-तीन दिवसांत ठळक ठिकाणे पाहून परतणाऱ्या कुटुंबाने करोल बाग निवडावे. एकट्याने किंवा मित्रांबरोबर, कमी खर्चात आणि गल्लीबोळांच्या ओढीने जाणाऱ्याला पहाडगंज चालेल. आणि ज्याला इमारती निवांतपणे पाहायच्या आहेत, त्याने चार पैसे जास्त मोजून लाजपत नगर किंवा जंगपुरा गाठावे. आग्र्याचा एक दिवस जोडायचा असेल तर गतिमान एक्सप्रेस निजामुद्दीनहून सुटते आणि भोपाळकडे जाणारी शताब्दी पहाटे नवी दिल्लीहून, त्यामुळे तिकीट मुक्कामाच्या जवळच्या स्थानकावरून काढावे. फक्त शुक्रवार टाळावा, त्या दिवशी ताजमहाल बंद असतो.